‘फोटो पेपर’ कस्टम्सच्या लेखी फोटोचा कागद का नसतो? समजून घ्या आयात कागदाचा एचएस कोड

घरच्या प्रिंटरवर फोटो छापायला वापरला जाणारा चकचकीत ‘फोटो पेपर’ अनेकांच्या ओळखीचा आहे. पण हाच इंकजेट कागद परदेशातून न्हावा-शेवा बंदरात उतरला, तर कस्टम्स त्याला फोटोग्राफिक पेपर मानत नाही. पाकिटावर काय लिहिलंय यापेक्षा कागद कशाचा बनलाय, याला तिथे जास्त महत्त्व असतं. त्यावरच किती कर भरायचा हे ठरतं.

एचएस कोड म्हणजे काय?

जगभरातल्या व्यापारी मालाला आकड्यांची एक समान ओळख असते, ती म्हणजे एचएस कोड. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही पद्धत १९८८ पासून लागू आहे. पहिले सहा अंक सर्व देशांत सारखे असतात. भारतात पुढे आणखी दोन अंक जोडून आठ अंकी कोड वापरला जातो. कागद आणि पुठ्ठ्यासाठी ४८ वा अध्याय आहे.

मग फोटो पेपर कुठे जातो?

प्रकाशाला संवेदनशील असलेला, म्हणजे फोटो लॅबमध्ये ‘डेव्हलप’ होणारा कागद ३७ व्या अध्यायात (३७०३) येतो. इंकजेट कागदावर असा थर नसतो, म्हणून तो ४८ व्या अध्यायात जातो. तिथेही थर कशाचा आहे ते पाहिलं जातं. चिनी माती किंवा तत्सम अजैविक पदार्थाचा थर असेल तर ४८१०, प्लॅस्टिकचा असेल तर ४८११. आणि प्लॅस्टिकचा थर एकूण जाडीच्या निम्म्याहून जास्त असेल, तर तो कागद राहतच नाही. त्याची गणना ३९ व्या अध्यायात, म्हणजे प्लॅस्टिकमध्ये होते.

कापला की कोड बदलतो

पावतीपुस्तकात वरच्या पानावर लिहिलेलं खालच्या पानावर उमटवणारा कार्बनलेस कागद घ्या. त्याचा ३६ सेंमीपेक्षा रुंद रोल ४८०९ मध्ये येतो. तोच अरुंद कापून आणला तर ४८१६ मध्ये.

वर्तमानपत्राच्या कागदाची (४८०१) व्याख्या तर आणखी काटेकोर आहे. वजन प्रति चौरस मीटर ४० ते ६५ ग्रॅम हवं, त्यातले किमान ५० टक्के तंतू यांत्रिक किंवा रासायनिक-यांत्रिक प्रक्रियेने काढलेल्या लाकडाच्या लगद्याचे हवेत. पृष्ठभाग किती खरखरीत असावा, याचीही अट आहे.

पैशांचा फरक किती?

२०१९ च्या अर्थसंकल्पात न्यूजप्रिंटवर १० टक्के मूळ सीमाशुल्क लागलं. २०२० मध्ये ते ५ टक्क्यांवर आलं. समजा, १० लाख रुपयांचा माल आहे. ५ टक्क्यांनी ५० हजार रुपये होतात, १० टक्क्यांनी एक लाख. पुढचा आयजीएसटी शुल्क धरूनच मोजला जातो, त्यामुळे फरक आणखी वाढतो.

पैशांपलीकडेही कोडचा परिणाम होतो. १ ऑक्टोबर २०२२ पासून कागदाच्या २०१ टॅरिफ लाइन्ससाठी आयातीची आगाऊ ऑनलाइन नोंदणी सक्तीची झाली.

कोड चुकला तर?

२०११ पासून आयातदारानेच ‘बिल ऑफ एंट्री’मध्ये कोड आणि शुल्क जाहीर करायचं असतं. कस्टम्स अधिकारी नमुना घेऊन प्रयोगशाळेत तपासू शकतात. शुल्क कमी भरल्याचं आढळलं, तर साधारणपणे दोन वर्षांपर्यंत नोटीस येऊ शकते. माहिती दडवली असेल, तर ही मुदत पाच वर्षांची होते. फरकाच्या रकमेवर व्याजही लागतं. तोवर माल विकून झालेला असतो, त्यामुळे हा पैसा ग्राहकाकडून वसूल करता येत नाही. लहान व्यापाऱ्याला हा फटका जड जातो.

आधीच खात्री करता येते का?

हो. मुंबई आणि दिल्लीत सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरण आहे. माल मागवण्याआधी तिथे अर्ज करून कोड विचारता येतो. तो निर्णय अर्जदार आणि कस्टम्स दोघांवरही बंधनकारक असतो. अर्ज करण्यापूर्वी पुरवठादाराकडून कागदाचं वजन, थर आणि तंतूंचं प्रमाण सांगणारी तांत्रिक माहिती मात्र मागवून ठेवायला हवी.