सिनेटर, ज्यूरी आणि गृहकर्जाचा कागद

पोलिसी मालिकांत राजकीय भ्रष्टाचार आला, की त्याचा शेवट बहुधा ठरलेला असतो: एकतर पुढारी गजाआड जातो, नाहीतर प्रामाणिक अधिकाऱ्याची बदली होते. 'द वायर' (२००२-२००८) ह्या अमेरिकी मालिकेच्या पाचव्या पर्वातील 'टुक' हा भाग ह्या दोन्ही वाटा टाळतो. १७ फेब्रुवारी २००८ रोजी प्रक्षेपित झालेला हा भाग आम्हांला केवळ नाट्य म्हणून नव्हे, तर मेरिलँड राज्याच्या राजकीय इतिहासावरील भाष्य म्हणून महत्त्वाचा वाटतो. मालिकेचे कर्ते डेव्हिड सायमन हे 'बॉल्टिमोर सन' ह्या दैनिकाचे माजी वार्ताहर, आणि त्यांचे सहकारी एड बर्न्स त्याच शहराच्या पोलीस दलातील माजी तपास अधिकारी. तेव्हा हे भाष्य ऐकीव माहितीवर बेतलेले नाही.

कथेचे मूळ पहिल्या पर्वात आहे. अमली पदार्थांच्या धंद्यातील पैशाचा माग काढताना पोलीस एक गाडी अडवतात. तीत २० हजार डॉलरची रोकड सापडते. चालक निघतो राज्य सिनेटर क्ले डेव्हिस ह्याचा माणूस. वरिष्ठांचा हुकूम येतो आणि रोकड निमूटपणे परत केली जाते. 'टुक'मध्ये हाच चालक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा आहे, आणि आरोपी आहे स्वतः सिनेटर. आरोप असा, की धर्मादाय संस्थांचा पैसा त्याने स्वतःच्या खिशात घातला.

डेव्हिस न्यायालयात येतो तो ईस्किलसचे 'प्रॉमिथिअस बाउंड' हातात घेऊन. नाटककाराचे नाव मात्र त्याला धड उच्चारता येत नाही. प्रसंग विनोदी खरा, पण निवड अचूक आहे. प्रॉमिथिअसने अग्नी चोरला तो मर्त्य मानवांसाठी, आणि डेव्हिसचा बचावही नेमका तोच आहे. पैसा घेतला, पण ठेवला कुठे? ज्याची वीज तोडली, ज्याच्या घरी मयत झाले, अशा गोरगरिबांच्या हातावर ठेवला. त्याची पावती कोण मागणार? ज्यूरीतील माणसे त्याच वस्त्यांमधली. ती त्याला निर्दोष सोडतात आणि बाहेर जल्लोष होतो.

ही मंडळी भोळी होती, असे म्हणून आम्हांला मोकळे होता येत नाही. जिथे सरकार हक्क म्हणून काही देत नाही, तिथे पुढारी मेहेरबानी म्हणून जे देतो, तेच लोकांना सरकार वाटते. अशा ठिकाणी लाचेचा खटला नैतिकतेच्या भाषेत चालवणे म्हणजे आरोपीच्या मैदानावर उतरणे होय.

त्याला पर्याय होता. तपास अधिकारी लेस्टर फ्रीमनच्या हाती डेव्हिसच्या गृहकर्जाच्या अर्जातील एक खोटे विधान लागले होते. हा गुन्हा केंद्रीय कायद्याखालचा, कागदावर सिद्ध होणारा, जबर शिक्षेचा. पण तो घातला, तर खटला केंद्राच्या वकिलांकडे जाणार आणि श्रेयही त्यांच्याकडेच. निवडून आलेले स्थानिक सरकारी वकील रूपर्ट बॉन्ड ह्यांना कीर्ती हवी होती. त्यांनी तो कागद बाजूला ठेवला. पुढच्याच भागात फ्रीमन तोच कागद दाखवून डेव्हिसला एकांतात बोलता करतो. म्हणजे हत्यार खरे होते. ते न्यायालयात मात्र कधी पोचलेच नाही.

प्रत्यक्ष इतिहास काय सांगतो? मेरिलँडचे माजी गव्हर्नर व अमेरिकेचे उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू ह्यांच्यावर कंत्राटदारांकडून पैसे घेतल्याचे आरोप होते. १० ऑक्टोबर १९७३ रोजी बॉल्टिमोरच्या केंद्रीय न्यायालयात त्यांना शिक्षा झाली ती १९६७ च्या प्राप्तिकराच्या चुकवेगिरीबद्दल, आणि त्याच दिवशी त्यांनी पद सोडले. 'टुक' प्रक्षेपित झाल्यानंतर दोन वर्षांच्या आत, डिसेंबर २००९ मध्ये, महापौर शीला डिक्सन गरजूंसाठीची भेटकार्डे स्वतःसाठी वापरल्याबद्दल दोषी ठरल्या आणि फेब्रुवारी २०१० मध्ये पायउतार झाल्या. महापौर कॅथरीन प्यू ह्यांनी ज्या वैद्यकीय संस्थेच्या संचालक मंडळावर त्या होत्या, तिलाच आपली बालपुस्तके विकली; २०१९ मध्ये पद गेले आणि २०२० मध्ये फसवणुकीचा कट व करचुकवेगिरी ह्यांबद्दल तीन वर्षांची कैद झाली.

कागदही सर्वशक्तिमान नसतो. गव्हर्नर मार्विन मँडेल १९७७ मध्ये टपालाद्वारे फसवणुकीच्या कलमाखाली दोषी ठरले. सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा अर्थ आकुंचित केल्यावर १९८७ मध्ये ती दोषसिद्धी रद्द झाली. तरीही एकंदर कल स्पष्ट आहे. सत्ताधीश मोठ्या पापात क्वचितच सापडतो. तो सापडतो कराच्या विवरणात, भेटकार्डाच्या नोंदीत, पुस्तकांच्या बिलात. हा कंटाळवाणा कागद वाचण्याची चिकाटी आणि तो न्यायालयात ठेवण्याची निःस्वार्थ वृत्ती, ह्या दोन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात. बॉल्टिमोरच्या ह्या कथेत पहिली होती, दुसरी नव्हती. आणि डेव्हिस सुटला तो ह्याच फटीतून.