ट्रेलरच्या मागच्या दिव्याचा स्क्रू

मोटारीमागे जोडून ओढत नेण्याच्या निवासी ट्रेलरचा उद्योग अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात भरभराटीला आला. ग्लायडर बांधणारे विल्यम हॉली बोलस यांनी १९३४ साली ‘रोड चीफ’ हा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा ट्रेलर तयार केला आणि त्याच घडणीचा पुढचा अवतार म्हणून वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीचा ‘क्लिपर’ १९३६ साली रस्त्यावर आला. या ट्रेलरांचे अंग विमानाप्रमाणे रिव्हेटांनी, म्हणजे दोन पत्र्यांतून आरपार घालून टोक ठेचलेल्या खिळ्यांनी, सांधलेले असे. मागच्या दिव्याची लाल काच मात्र स्क्रूनेच बसवावी लागे, कारण बल्ब उडाला की ती काढल्याशिवाय तो बदलता येत नसे. जो जोड वारंवार उघडता यावा म्हणून स्क्रूने केला, तोच पुढे सर्वांत हट्टी ठरला, आणि जुन्या ट्रेलरचा जीर्णोद्धार करणाऱ्या कारागिराचा पहिला झगडा आजही बहुधा त्याच्याशीच होतो.

या हट्टाचे एक मूळ स्क्रूच्या माथ्यात आहे. एकोणिसाव्या शतकात स्क्रू यंत्रावर मोठ्या प्रमाणात बनू लागले आणि ब्रिटनमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये, तर अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये आट्यांचे, म्हणजे स्क्रूच्या अंगावरील चढत्या मळसूत्री कडांचे, प्रमाण ठरवून दिले. तरी माथ्यावरची खाच दीर्घकाळ एकच सरळ रेघ राहिली. सरळ खाचेतून स्क्रू ड्रायव्हर बाजूला निसटतो, ही अडचण मोटारींच्या कारखान्यांत फार जाणवू लागली. कॅनडातील पी. एल. रॉबर्टसन यांनी चौकोनी खाचेचे पेटंट १९०९ मध्ये मिळवले, तर ऑरेगन राज्यातील हेन्री फिलिप्स यांची अधिकाच्या चिन्हासारखी खाच १९३६ पासून कॅडिलॅक मोटारींच्या जुळणीत वापरात आली. ट्रेलर आणि फिरत्या घरांच्या कारखान्यांत याखेरीज ‘क्लच’ नावाचा माथाही बराच चालला; त्याची खाच डमरूसारखी, दोन्हीकडे रुंद आणि मध्ये निमुळती असते. या सुधारणांमागचा मुख्य विचार जुळणीच्या रांगेत उभ्या असलेल्या कामगाराचा होता. स्क्रू झटपट आणि सरळ बसावा, एवढे साधले की काम झाले. पन्नास वर्षांनी तो उलटा फिरवणाऱ्या हाताचा विचार त्यात फारसा नव्हता. फिलिप्स खाचेच्या भिंती उतरत्या असल्यामुळे जोर वाढला की पात्याचे टोक वर उचलले जाते, आणि गंजलेल्या माथ्यात असे दोनतीनदा झाले की खाचेचा नुसता गोल खळगा उरतो.

दुसरे मूळ धातूंच्या जोडीत आहे, आणि त्याची ओळख माणसाला ट्रेलरच्या कितीतरी आधी पटली होती. ब्रिटिश नौदलाच्या ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला १७६१ मध्ये तांब्याचा पत्रा ठोकला होता. ती दोन वर्षांनी वेस्ट इंडीजहून परतली तेव्हा तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे कुजून गेलेले आढळले, पण जिथे पत्र्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद चुकून मध्ये राहिला होता तिथले खिळे शाबूत होते. दोन भिन्न धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना भिडले की त्यांच्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होतो आणि त्यांतला अधिक क्रियाशील धातू झिजतो. ट्रेलरच्या दिव्यात हेच घडते. पोलादी स्क्रूवरचा जस्ताचा पातळ मुलामा आधी संपतो, मग भोवतीचे अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाऊन त्याची पांढरी भुकटी आट्यांत ठासून बसते. शिवाय उघडे पडलेले पोलाद स्वतःही गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापत असल्याने स्क्रू आपल्याच भोकात आवळला जातो. शास्टा कंपनीच्या ट्रेलरांसारख्या काही ट्रेलरांत पत्र्याच्या आत लाकडी चौकट असते. दिव्यामागचे लुकण वाळून तडकले की पावसाचे पाणी स्क्रूवाटे लाकडात उतरते आणि एकाच वेळी लाकूड कुजते व स्क्रू गंजतो.

या गंजाचा परिणाम पकडीपुरता राहत नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. जुन्या दिव्यांपैकी अनेकांना परतीची स्वतंत्र तार नसे; वीज बल्बमधून दिव्याच्या धातूच्या घरात आणि तिथून याच स्क्रूंवाटे ट्रेलरच्या अंगात जात असे. स्क्रू गंजला की ही परतीची वाट, म्हणजे अर्थिंग, तुटते, दिवा मिणमिणतो किंवा ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा लागतो, आणि दोष तारांमध्ये शोधण्यात वेळ जातो.

स्क्रू काढण्याची जी रीत कारागिरांत रूढ झाली, तिच्या मुळाशी धीर आहे. प्रथम अणकुचीदार सुईने खाचेतला रंग आणि गंज कोरून काढतात, कारण पाते तळाला टेकले नाही तर पुढचे सगळे व्यर्थ जाते. मग आट्यांत झिरपणारे पातळ तेल सोडून रात्रभर थांबतात, माथ्यावर हलके ठोके देतात आणि स्क्रू आधी किंचित घट्ट करून मगच उलटा फिरवतात, जेणेकरून गंजाची पकड मोडते. हातोडीचा घाव वळणात बदलणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर मोटारीच्या जाड पोलादावर उत्तम चालतो. दिव्याचे घर मात्र बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असते आणि वयपरत्वे ठिसूळ झालेले असते, म्हणून तो घाव तिथे घालू नये. लाल काच म्हणून जिला ओळखतात, तीही पुढच्या काळातील दिव्यांत अ‍ॅक्रिलिक प्लॅस्टिकची असल्याने ज्योतीची आच तिला सोसत नाही. खाच पुरती गेली असेल तर वर आलेला माथा नेब्रास्कातील लोहार विल्यम पीटरसन यांनी १९२० नंतरच्या दशकात घडवलेल्या कुलूपबंद पकडीने धरतात, आणि तेही जमले नाही तर माथा गिरमिटाने उडवून काच सोडवतात व उरलेले अंग मागाहून फिरवून काढतात. तेलांपैकी ‘डब्ल्यूडी-४०’ चे नाव सर्वतोमुखी असले, तरी ते १९५३ मध्ये सॅन दिएगो येथे पाणी हटवून धातूला गंजापासून वाचवण्यासाठी तयार झाले होते. जाम आट्यांसाठी मुद्दाम बनवलेली तेले अधिक उपयोगी पडतात.

नवा स्क्रू स्टेनलेस पोलादाचा घालण्याची प्रथा योग्य आहे, पण अ‍ॅल्युमिनियमशी त्याचेही पटत नाही, म्हणून आट्यांना जाम न होऊ देणारे मलम लावणे आणि माथ्याखाली नायलॉनचा वायसर घालणे आवश्यक ठरते. या वायसरने परतीची वाट अडली, तर दिव्याला स्वतंत्र अर्थिंगची तार जोडावी लागते.

निघालेला जुना स्क्रू मात्र भंगारात जाऊ नये. १९३६ पूर्वीच्या ट्रेलरवर फिलिप्स माथा सापडला, तर तो दिवा मागाहून बसवलेला किंवा दुरुस्त केलेला आहे हे नक्की समजते, आणि कागदपत्रे हरवलेल्या वाहनाबाबत असा पुरावा क्वचितच दुसरीकडे मिळतो. त्यामुळे प्रत्येक स्क्रू कोणत्या भोकातून निघाला याची नोंद करून तो चिठ्ठीसह जपून ठेवणे, हे जीर्णोद्धार करणाऱ्याने आपल्या कामाचाच भाग मानले पाहिजे.