स्तनपान-समुपदेशन, मातांकडून मातांना (बसवकल्याण सीमाभाग)

स्वतः मूल अंगावर पाजलेली, वस्तीतलीच बाई थोडे प्रशिक्षण घेऊन ठरावीक दिवशी नव्या बाळंतिणीच्या घरी जाते, तिची अडचण ऐकून घेते, बाळ छातीशी कसे धरले आहे ते बघते आणि तिथल्या तिथे दुरुस्त करून दाखवते, अशी ही पद्धत. ‘समवयस्क समुपदेशन’ हे नाव तिला चिकटले असले तरी ते फसवे आहे. इथे वय सारखे असून भागत नाही, बोली आणि अनुभव सारखे लागतात. बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याण तालुक्यात आणि शेजारच्या कलबुर्गीच्या आळंद भागात अशी योजना आखायची तर सुरुवात बाळंतिणीच्या दिनदर्शिकेपासून आणि तिच्या माहेरच्या वाटेपासून करावी लागेल. आराखडे मात्र बहुधा तालुक्याच्या नकाशावर बेततात.

दवाखान्यात बाळंतपण झाले की स्तनपान आपोआप मार्गी लागते, हा समज आकडेवारीपुढे टिकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातली संस्थात्मक बाळंतपणे 2015-16 मधील 78.9 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 88.6 टक्क्यांवर गेली. पण जन्मानंतर तासाभरात पाजलेल्या बाळांचे प्रमाण 41.6 वरून जेमतेम 41.8 झाले. खाट मिळाली, शेजारी बसणारे माणूस मिळाले नाही. 2000 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ढाक्यातल्या अभ्यासात बेताच्या शिकलेल्या बायकांना दहा दिवस, रोज चार तास शिकवून घरोघर पाठवले. बाळंतपणाआधी दोन, लगेचच्या दिवसांत तीन आणि मग पाच महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला, अशा पंधरा भेटी ठरवल्या होत्या. पाचव्या महिन्यात निव्वळ अंगावरच्या दुधावर असलेली बाळे या गटात 70 टक्के, तर भेटी नसलेल्या गटात 6 टक्के निघाली. मेक्सिकोतल्या 1999 च्या अभ्यासात तिसऱ्या महिन्यातले हे प्रमाण सहा भेटींनी 67 टक्के, तीन भेटींनी 50 आणि भेटींशिवाय 12 टक्के होते. भेटींची संख्या आणि वेळ हाच योजनेचा कणा आहे. भिंतीवरच्या घोषणा त्यापुढे गौण. तिसरा दिवस विशेष नाजूक असतो. दूध अजून नीट उतरलेले नसते, बाळ रडत असते, आणि घरात कोणीतरी वाटीत साखरपाणी कालवत असते. तेव्हा समुपदेशिकेने बघायचे ते साधेच: तोंड मोठे उघडले आहे का, हनुवटी छातीला टेकली आहे का, लंगोट किती वेळा ओला होतो.

सीमाभागात हा तिसरा दिवस अनेकदा दुसऱ्या राज्यात उजाडतो. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्यातले निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि बसवकल्याण म्हैसूर राज्यात आले. सोयरिकी मात्र होत्या तिथेच राहिल्या. पहिलटकरीण माहेरी जाते. तिची गरोदरपणाची नोंद कर्नाटकातल्या तायी कार्डावर कन्नडमध्ये असते, आणि बाळंतपण निलंगा-उमरग्याकडे होते. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जावे असा नियम आहे, पण बाळंतीणच गावात नसेल तर जायचे कोणाकडे? म्हणून समुपदेशिकांच्या जोड्या लावाव्यात: एक सासरच्या गावी, एक माहेरच्या, आणि मधे फोन. मराठी, कन्नड, दखनी यांपैकी घरात जी बोलतात तीच भाषा हवी. चिकाचेच बघा. गाईचा चीक मराठी घरात खरवस होतो, कन्नड घरात गिण्णू, दोन्हीकडे आवडीने खातात. आईचा चीक मात्र ‘जड’ म्हणून पिळून टाकणारी घरे आहेत. हा विरोधाभास घरच्याच शब्दांत दाखवला तर सासूला पटतो.

आशा असताना आणखी एक बाई कशाला, हा आक्षेप रास्त आहे. हरियाणातल्या 2003 च्या अभ्यासात आहे त्याच अंगणवाडी आणि आरोग्य यंत्रणेतून सल्ला देऊन तिसऱ्या महिन्यातले निव्वळ स्तनपान 79 टक्क्यांवर गेले होते. तुलनेच्या गावांत ते 48 टक्के होते. पण साधारण हजार वस्तीमागे एक असणाऱ्या आशेच्या डोक्यावर लसीकरणापासून सर्वेक्षणापर्यंत सारे असते, आणि तासभर बाळंतिणीजवळ बसणे हेच काम आधी सुटते. त्यामुळे नवी बाई तिच्या हाताखाली, मानधनावर असावी. फुकटची सेवा दोन महिन्यांत आटते. कमी शिकलेली बाई चुका करील ही भीती गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेने बरीच दूर केली आहे. तिथल्या गावातल्याच आरोग्यदूतांच्या कामामुळे नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 साली प्रसिद्ध झाले. तरी मर्यादा आखून द्यावी: बाळ सुस्त, ओढत नाही, आईला ताप, छातीत लाल गाठ, की थेट दवाखाना. एप्रिलच्या उन्हात बाळाला पाणी लागतेच, या समजुतीला उत्तर आहे: अंगावरच्या दुधात सुमारे 88 टक्के पाणीच असते. बाळांसाठी डब्यातले दूध विकणाऱ्यांची भेटवस्तू योजनेत शिरू देऊ नये. 1992 चा कायदा अशा प्रचाराला बंदी घालतो. एका आक्षेपाला मात्र समुपदेशिकेकडे पुरते उत्तर नाही. दुसऱ्याच महिन्यात खुरपणीला जाणाऱ्या बाईला ती हाताने दूध काढून स्वच्छ, झाकलेल्या वाटीत ठेवायला शिकवील. पण 2017 पासून मिळणारी 26 आठवड्यांची पगारी रजा नोकरदार बायकांसाठी आहे, रोजंदारीवरच्या बांधापर्यंत ती पोचत नाही.