रेव्ह प्रथिन

एचआयव्ही-१ विषाणूचे सुमारे ११६ ॲमिनो अम्लांचे नियामक प्रथिन. इंट्रॉन न काढलेला आरएनए पेशी केंद्रकातच अडवून ठेवते. विषाणूला मात्र नेमका तोच बाहेर हवा असतो. रेव्ह पेशीच्या इंपोर्टिन-बीटा या वाहक प्रथिनाला धरून केंद्रकात शिरते, आरएनएवरील ‘आरआरई’ या घडीदार भागावर त्याचे रेणू एकापाठोपाठ एक चिकटतात आणि ल्यूसीनबहुल निर्यात-संकेताद्वारे पेशीच्याच सीआरएम-१ या वाहक प्रथिनाला जोडले जातात. सोबत जीटीपी धारण केलेले रॅन हे प्रथिन असले की हा सारा लवाजमा केंद्रकछिद्रातून पेशीद्रवात येतो. तेथे जीटीपीचे जलापघटन होताच माल सुटतो आणि रेव्ह पुन्हा केंद्रकात परतते. यातले एकही वाहक प्रथिन विषाणूचे स्वतःचे नाही, हे विशेष. लेप्टोमायसिन-बी हे संयुग सीआरएम-१मधील ५२८ क्रमांकाच्या सिस्टीनशी जखडून ही निर्यात थांबवते. पण तोच मार्ग पेशीलाही लागत असल्याने ते तिला विषारी ठरते.