तळा तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या वेतनाचा प्रश्न

रायगड जिल्ह्यातील तळा १९९९ मध्ये माणगावपासून वेगळा होऊन स्वतंत्र तालुका झाला. लगोलग २००० साली महाराष्ट्र शासनाने शिक्षणसेवक योजना अमलात आणली. हा निव्वळ योगायोग होय. तथापि नव्या तालुक्याच्या शाळांत त्यामुळे एका जुन्या प्रश्नाने पुन्हा प्रवेश केला. शिक्षकाचे वेतन न्याय्य आहे काय, हा तो प्रश्न.

मुंबई इलाख्यात १८६९ च्या लोकल फंड कायद्यान्वये शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा पट्टी बसविण्यात आली व तिचा एकतृतीयांश भाग शिक्षणाकडे वळविण्यात आला. म्हणजे खेड्यातील शाळेच्या खर्चाचा वाटा रयतच उचलीत होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षकांचा पगार क्वचितच दहा रुपयांच्या वर जातो, हे निदर्शनास आणले. प्रशिक्षित शिक्षकास किमान १२ रुपये व मोठ्या गावी १५ ते २० रुपये द्यावेत, ही त्यांची मागणी. शिक्षक शक्यतो शेतकरीवर्गातून घ्यावेत आणि गावचे हिशेब, दस्तनोंदणी, टपाल यांसारखी कामे त्यांजकडे सोपवून त्यांची प्रतिष्ठा वाढवावी, असेही त्यांनी सुचविले. वेतन, प्रशिक्षण आणि प्रतिष्ठा यांचा त्यांनी एकत्र विचार केला, हे येथे महत्त्वाचे.

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. तेव्हापासून प्राथमिक शिक्षक जिल्हा परिषदेचा सेवक असला, तरी त्याचे वेतन मुख्यतः राज्याच्या अनुदानावर अवलंबून राहिले. सातव्या वेतन आयोगानुसार नियमित प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते. तळ्यासारख्या डोंगराळ तालुक्यात हे उत्पन्न तुटपुंजे म्हणता येणार नाही.

परंतु या श्रेणीत येण्यापूर्वी नवनियुक्ताला तीन वर्षे ठराविक मानधनावर काढावी लागतात. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन आरंभी ३,००० रुपये होते. पुढे ते ६,००० झाले आणि जानेवारी २०२३ पासून १६,००० करण्यात आले. २०२२ अखेरपर्यंत हे मानधन नियमित शिक्षकाच्या आरंभीच्या मूळ वेतनाच्या सुमारे एकपंचमांश होते. वाढीनंतरही ते जेमतेम ५५ टक्के भरते. वर्ग तोच, अध्यापन तेच. मोबदला मात्र निराळा.

तिजोरीवरील भार आवरून अधिक शिक्षक नेमता यावेत, हे या योजनेचे समर्थन. ते सर्वस्वी निराधार नाही. मात्र त्या काटकसरीचा भार सर्वांत नव्या शिक्षकावर पडतो. घरची शेती वा कुटुंबाचा आधार असणारा ही तीन वर्षे निभावून नेईल. तो नसलेल्या व परगावी खोली घेऊन राहणाऱ्या उमेदवाराला ती जड जातात. ज्या वर्गातून शिक्षक यावेत असे फुले यांना वाटत होते, त्याच वर्गाला हा उंबरठा सर्वांत उंच ठरतो. म्हणून वेतनाच्या न्याय्यतेची कसोटी नियमित श्रेणीच्या आकड्यावर नव्हे, तर सेवेच्या या पहिल्या तीन वर्षांवर लावणे इष्ट होय.