राक्षसभुवनचा उतार

गोदावरीच्या दक्षिण काठावर तुम्ही उभे आहात. गेवराई तालुक्यातलं शनीचं राक्षसभुवन म्हणून हे गाव तुमच्या ओळखीचं आहे, पण आज इथली गर्दी दर्शनाची नाही. तारीख 10 ऑगस्ट 1763. श्रावण नुकताच लागलाय, नदी दुथडी भरून गढूळ वाहतेय आणि हैदराबादच्या निजाम अलीची फौज उतरून पलीकडे चाललीय. निजाम स्वतः बऱ्याच फौजेसह पैलतीराला पोहोचला आहे. उरलेली फौज दिवाण विठ्ठल सुंदरच्या हाताखाली या काठावर पाळीची वाट बघतेय.

काही महिन्यांपूर्वी याच फौजेने पुणं लुटलं आणि जाळलं. मराठे तेव्हापासून तिच्या मागावर आहेत. निजामाच्या गोटात गेलेले नागपूरकर जानोजी भोसलेही त्याला सोडून पुन्हा पेशव्यांकडे वळले आहेत. काठावरच्या घाईचं कारण आता तुमच्या लक्षात येतं.

"पाव्हणं, तिकडं काय बघायलाव? दोर धरा की!"

तुम्ही दोर धरता. दुसऱ्या टोकाला नाव आहे आणि नावेत बिथरलेली घोडी. दोर सुटला तर घोडी, नावाडी, सगळंच धारेला लागेल. तुमच्या मागे एक तोफ काळ्या रानात आसापर्यंत रुतलीय. बैलांच्या जोड्यांवर जोड्या जुंपल्या तरी ती जागची हलत नाही. बेलदार फांद्या तोडून चाकांखाली अंथरताहेत. पावसाळ्यातलं बीडकडचं काळं रान कसं पायाला बिलगतं, हे तुम्हाला कुणी सांगायला नको.

जरा वर चढा, तिथे लमाणांचे बैल उभे आहेत. दख्खनच्या जवळजवळ प्रत्येक फौजेचं पोट या तांड्यांच्या पाठीवर चालायचं, मग ती मोगलांची असो, निजामाची, पेशव्यांची की पुढे इंग्रजांची. आजच्या मापाने हिशेब करून बघा. एका घोड्याला दिवसाला चार किलो दाणा धरला तर दहा हजार घोड्यांना चाळीस हजार किलो लागतो. एका बैलाच्या पाठीवर दोन्ही गोणी मिळून साधारण शंभर किलो. म्हणजे रोज चारशे बैल रिकामे होणार, आणि यात माणसांचं पीठ-मीठ अजून आलेलंच नाही. हे चारशे बैल एक दिवस उशिरा आले तर दुसऱ्या दिवशी घोडा टाच मारूनही दौडत नाही. ज्या भाल्याची आपण गाणी गातो, तो भाला त्या घोड्यावरच बसलेला असतो.

टापा आधी तुम्हाला पायांखालच्या जमिनीत जाणवतात. दक्षिणेकडून मराठे आलेत.

पुढचा प्रहर-दोन प्रहर कसा गेला, हे बघणाऱ्यालाही धड सांगता येणार नाही. या काठावरच्या फौजेला मागे फिरून तोंड द्यावं लागतं, कारण पाठीशी नदी आहे. पलीकडचा निजाम पूर ओलांडून मदतीला येऊ शकत नाही. मराठ्यांकडचे राघोबादादा शत्रूच्या वेढ्यात सापडतात आणि त्यांना सोडवायला त्यांचा पुतण्या त्या गर्दीत घुसतो. पेशवा माधवराव, वय वर्षं अठरा. त्याला नीट बघा. पानिपतावर थोरला भाऊ आणि चुलता गेला, त्या धक्क्यात वडील गेले, आणि ज्या काकाने त्याला अधिकारापासून दूर ठेवलं त्याच काकासाठी हा पोरगा तलवारींच्या दाटीत शिरलाय. त्याच्यासोबतचे बारगीर आणि शिलेदारही शिरलेत. हातभर अंतरावरच्या माणसाला मारायचं, त्याने मारलं तर मरायचं, आणि तरी घोडा मागे वळवायचा नाही, हे धाडस दोर धरण्यापेक्षा वेगळं आहे. या जागी उभं राहून मी ते नाकारणार नाही. शौर्याची पदकं त्या धाडसासाठी राखून ठेवावीत, असंच मी म्हणेन.

पण दोर अजून तुमच्या हातात आहे. तलवारवाल्याला ढाल आहे, घोडा आहे. तुमच्याकडे काय आहे? नावेतली माणसं ओरडताहेत, काठावरून बाण आणि गोळ्या येताहेत, आणि तुम्ही हात सोडला तर ती बुडणार. पळून जायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. तुम्ही पळत नाही. या धाडसाला काय म्हणायचं, ते इतक्या वर्षांत कुणी ठरवलंच नाही.

विठ्ठल सुंदर मारला जातो. फळी फुटते. पुढे औरंगाबादेत तह होतो आणि 82 लाखांचा मुलूख पेशव्यांच्या पदरात येतो. विजय मराठ्यांचा, आणि तो त्यांनी लढून मिळवला. पण निजामाची फौज आधी नदीने दोन तुकड्यांत तोडली होती. अजून थोड्या नावा असत्या, तोफा चिखलातून वेळेवर निघाल्या असत्या, तर त्या दिवशी तिथे वेगळी लढाई झाली असती.

रात्री रणावर हिंडा. पखाल पाठीवर घेऊन भिस्ती जखमींना पाणी पाजतोय. तो स्वपक्षाच्या माणसांनाच पाजतो की परपक्षाच्याही, हे अंधारात कळत नाही. जर्राह जखमा शिवतोय. नालबंद सकाळच्या कुचाची तयारी करतोय. लढणाऱ्यांची लढाई संध्याकाळी संपली, यांची अजून चालू आहे.

या रात्रीपासून अडीच वर्षं मागे जा. पानिपत, जानेवारी 1761. लढणाऱ्यांची तिथे वाण नव्हती. अंतर्वेदीतून रसद जमवणारे, अब्दालीच्या रसदेला धाक देणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि मराठी छावणीकडे दाणा येणं जवळजवळ थांबलं. उपाशी माणसं उपाशी घोड्यांवर बसून 14 जानेवारीला बाहेर पडली. त्या पराभवाचं खापर आपण पिढ्यान्‌पिढ्या बुणग्यांच्या डोक्यावर फोडलं. यात्रेकरू आणि कुटुंबकबिला फौजेला जड झाला, हे खरंच. पण त्या एका शब्दात आपण मोतद्दार, भिस्ती, वाणी, लोहार असे सगळे कोंबले आणि त्याची शिवी केली. ज्यांच्या तुटवड्याने फौज मेली, त्यांनाच आपण फौजेचं ओझं ठरवलं. हा अन्याय मला आजही सलतो.

आता बीडला या, आजच्या बीडला. रजेवर आलेला जवान गावी उतरतो आणि पारावर पहिला प्रश्न येतो, "गोळी चालवली का कधी?" पायदळातला असेल तर पोरं त्याच्याभोवती बसतात. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ट्रक चालवणारा असेल तर त्याचा आवाज जरा खाली येतो, "मी सप्लायला आहे." त्याला खाली मान घालायला आपण लावतो. कारगिलच्या वेळी, 1999 मध्ये, श्रीनगर–लेह रस्ता शिखरांवरच्या शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात होता आणि त्याच रस्त्याने ट्रक दारूगोळा वर नेत होते. ट्रकला खंदक खणता येत नाही. दरवर्षी हिवाळ्यात रस्ते बंद होण्याआधी लडाखच्या चौक्यांवर महिन्यांचं धान्य आणि इंधन पोचवावं लागतं. ते पोचतं म्हणून तिथे बंदूक धरणारा हात जिवंत राहतो. पारावर आपण त्या ट्रकवाल्या जवानाला विचारावं, कोणत्या रस्त्याने गाडी नेलीस, रात्री कशी नेलीस, आणि मग ऐकत बसावं.

शेवटी एकदा पुण्याला चला, माधवरावांच्या दरबारात. इतिहासकार ग्रँट डफने मराठ्यांच्या आपल्या इतिहासग्रंथात एक हकिगत नोंदवली आहे. सरकारी माणसांनी गावकऱ्यांना वेठीला धरून त्यांच्या डोक्यावर ओझी द्यावीत, हा जुना रिवाज होता आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतही नव्हतं. माधवरावांनी हुकूम काढला, की असं काम घेतलं तर त्याचे पैसे द्यायचे. तरीही वसईचे सुभेदार विसाजीपंत मौल्यवान माल वेठीने वाहवून घेत असल्याची खबर त्यांना लागली. राक्षसभुवनला तलवार घेऊन गर्दीत शिरलेल्या त्या पेशव्याने तो माल जप्त केला आणि ओझी वाहणाऱ्यांना त्यांच्या शेतकामाच्या खोटीची भरपाई दिली.