अमेरिकेच्या स्थलांतर व्हिसासाठीची वैद्यकीय तपासणी

अमेरिकेत कायमच्या वास्तव्यासाठी जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला, मग ते तान्हे मूल असो वा ऐंशी वर्षांची आजी, व्हिसा मिळण्यापूर्वी जी ठरावीक आरोग्य तपासणी करून घ्यावी लागते, तिला स्थलांतर वैद्यकीय तपासणी म्हणतात. पर्यटनासाठी किंवा शिक्षणासाठी जाणाऱ्यांना ती सर्वसाधारणपणे लागत नाही. भारतातील अर्जदारांच्या स्थलांतर व्हिसाच्या मुलाखती प्रामुख्याने मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासात होतात. वैद्यकीय तपासणी मात्र दूतावासात होत नाही. ती दूतावासाने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडे, म्हणजेच 'पॅनेल डॉक्टरां'कडेच करावी लागते. नेहमीच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र, ते कितीही नामांकित असले तरी, या कामी चालत नाही.

अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्डासाठी अर्ज करणाऱ्यांची तपासणी तेथील 'सिव्हिल सर्जन' करतात. महाराष्ट्रात हा शब्द जिल्हा शल्यचिकित्सकांसाठी रूढ असल्याने वाचकांचा गोंधळ होतो. या दोन पदांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

उद्देश

ही तपासणी प्रकृतीच्या सुदृढतेची परीक्षा आहे, हा समज चुकीचा आहे. कायद्याने आरोग्याच्या कारणावरून प्रवेश नाकारण्याची चारच कारणे सांगितली आहेत: सार्वजनिक आरोग्यास धोकादायक असा संसर्गजन्य रोग, आवश्यक लसी घेतलेल्या नसणे, स्वतःला किंवा इतरांना इजा पोहोचवणाऱ्या वर्तनाशी निगडित शारीरिक वा मानसिक विकार, आणि अमली पदार्थांचा गैरवापर वा व्यसन. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, गुडघ्यांची दुखणी यांपैकी कशाचाही या यादीत समावेश नाही. अशा आजारांची नोंद होते, पण केवळ त्यांच्यामुळे वैद्यकीय कारणावरून व्हिसा नाकारला जात नाही. नैराश्यावरील उपचार हेदेखील नकाराचे कारण नव्हे. याउलट, मद्यपान करून वाहन चालवल्याबद्दल झालेली अटक मात्र डॉक्टरांच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. अमेरिकेच्या काही राज्यांत गांजा कायदेशीर असला, तरी संघराज्याच्या कायद्यानुसार तो निषिद्ध असल्याने त्याचे सेवनही या तपासणीत विचारात घेतले जाते.

निष्कर्षांचे दोन वर्ग आहेत. 'अ' वर्गातील निष्कर्षामुळे व्हिसा अडतो. 'ब' वर्गातील निष्कर्ष म्हणजे नोंद घेण्याजोगा, परंतु प्रवेशास आडकाठी न करणारा आजार.

इतिहास

अमेरिकेच्या १८९१ च्या कायद्याने स्थलांतरितांची वैद्यकीय तपासणी सक्तीची केली. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावरील केंद्र सुरू झाले. तेथे जिना चढून येणाऱ्या प्रवाशांचे डॉक्टर काही क्षणांतच निरीक्षण करीत आणि संशय आल्यास कपड्यांवर खडूने एखादे अक्षर लिहीत. खुपऱ्यांचा रोग ओळखण्यासाठी पापण्या उलटवून पाहिल्या जात. पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल बेटावर १९१० ते १९४० या काळात येणाऱ्या आशियाई लोकांची अंकुशकृमीसाठी विष्ठातपासणी होई आणि भारतीयांना परत पाठवण्यासाठी या निदानाचा आधार घेतला जाई. आरोग्याचे निमित्त करून नको असलेल्यांना बाहेर ठेवल्याचे हे ठळक उदाहरण आहे. १९२४ च्या कायद्यानंतर व्हिसा परदेशातील दूतावासांतून देण्याची पद्धत आली आणि तपासणीही हळूहळू प्रवासाच्या आरंभस्थानी सरकली.

एचआयव्हीचा संसर्ग १९८७ पासून प्रवेश नाकारण्याचे कारण होता. ४ जानेवारी २०१० पासून ते कारण रद्द झाले. लसीकरणाची अट १९९६ च्या कायद्याने आली.

तपासणीचे स्वरूप

पॅनेल डॉक्टर पूर्वीच्या आजारांची माहिती घेतात, अंग तपासतात आणि वयानुसार छातीचा एक्स-रे, रक्त व लघवी यांच्या चाचण्या सांगतात. रक्त-लघवीच्या चाचण्या मुख्यतः उपदंश आणि परमा या रोगांसाठी असतात. कुष्ठरोगासाठी त्वचेची पाहणी होते. या चाचण्यांसाठी सामान्यतः उपाशीपोटी जावे लागत नाही. तपासणीचा आणि लसींचा खर्च अर्जदारालाच करावा लागतो. व्हिसाच्या शुल्कात तो धरलेला नसतो.

एक्स-रे १५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या सर्वांचा काढतात. भारतासारख्या क्षयरोगाचे प्रमाण अधिक असलेल्या देशांत २ ते १४ वर्षांच्या मुलांची क्षयसंसर्गासाठी रक्तचाचणी होते. गरोदर स्त्रीचा एक्स-रे तिच्या संमतीने, पोटावर शिशाचे आवरण घालून काढता येतो. तिची इच्छा नसल्यास प्रसूतीपर्यंत तो पुढे ढकलता येतो, अर्थात व्हिसाही तितकाच लांबतो.

क्षयरोग आणि होणारा विलंब

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात असल्याने येथील अर्जदारांच्या बाबतीत तपासणीचा खरा कस याच टप्प्यावर लागतो. तरुणपणी क्षय होऊन बऱ्या झालेल्या, किंवा तो होऊन गेल्याचे ठाऊकही नसलेल्या अनेक ज्येष्ठांच्या फुप्फुसावर जुने व्रण असतात. एक्स-रेमध्ये असा संशयास्पद व्रण दिसला, की अर्जदाराच्या बेडक्याचे तीन नमुने तीन वेगवेगळ्या दिवशी, कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली घेतले जातात. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी पुरेशी मानली जाई. तिच्यातून बरेच रुग्ण निसटत असल्याने २००७ मध्ये आलेल्या सूचनांनुसार जंतुसंवर्धनाची चाचणीही सक्तीची झाली. क्षयाचे जंतू अत्यंत संथ वाढतात. म्हणून हा अहवाल येण्यास आठ आठवडे लागतात. ठणठणीत वाटणाऱ्या माणसालाही ही प्रतीक्षा चुकत नाही आणि पैसे वा ओळख यांनी ती कमी होत नाही.

जुन्या उपचाराचे कागद दाखवल्याने बेडक्याची तपासणी टळते, असे नाही. तरीही ते मोलाचे असतात. पूर्वीचा एक्स-रे उपलब्ध असल्यास व्रण जुना व स्थिर आहे की नवा, हे डॉक्टरांना ताडून पाहता येते. उपचार सरकारी केंद्रातून झाले असतील तर तेथील नोंदीचा उतारा आधीच मागवून ठेवणे सोयीचे ठरते.

चाचणीत क्षयाचे जंतू आढळल्यास निष्कर्ष 'अ' वर्गात जातो. मग नेमून दिलेल्या केंद्रात, रोजची औषधे कर्मचाऱ्यांच्या समक्ष घेऊन उपचार पुरे करावे लागतात. खाजगी डॉक्टरांकडून परस्पर घेतलेला उपचार सहसा ग्राह्य धरत नाहीत. औषधांना दाद देणाऱ्या क्षयासाठी हा काळ साधारण सहा महिन्यांचा असतो. त्यानंतर बेडका पुन्हा तपासला जातो आणि तो निर्दोष आढळल्यास व्हिसाचा मार्ग मोकळा होतो. म्हणजे हा नकार कायमचा नसतो. घरातील इतर अर्जदारांचीही संपर्कातील व्यक्ती म्हणून तपासणी होते.

याच अनिश्चिततेमुळे व्हिसा प्रत्यक्ष हाती पडेपर्यंत विमानाचे तिकीट काढू नये, नोकरीचा राजीनामा देऊ नये वा घर विकू नये, अशी सूचना अमेरिकी परराष्ट्र खाते अर्जदारांना देते.

लसीकरण

गोवर, गालगुंड, रुबेला, पोलिओ, धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला, कावीळ 'ब' यांसह वयोमानानुसार ठरलेल्या लसींची नोंद द्यावी लागते. भारतात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. त्यापूर्वी जन्मलेल्या बहुतेकांकडे लसीचे कार्ड नसते. 'लहानपणी टोचले होते' हे तोंडी सांगणे पुरेसे होत नाही. अशा वेळी लस पुन्हा घेणे किंवा काही रोगांबाबत रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी करणे हे पर्याय असतात. १९५७ पूर्वी जन्मलेल्यांना गोवर, गालगुंड व रुबेलाच्या लसीतून सूट मिळते, कारण त्यांना हे रोग नैसर्गिकरीत्या होऊन गेले असावेत असे मानले जाते. बीसीजीची लस या यादीत नाही.

अनेक मात्रांच्या लसींचा सर्व क्रम प्रवासापूर्वी पुरा करण्याची सक्ती नसते. त्या वेळी देय असलेली मात्रा घेतली की पुरते. तथापि जुनी कार्डे शोधून, राहिलेल्या लसी काही महिने आधीपासून घेतल्यास ऐनवेळी एकाच दिवशी चार-पाच सुया टोचून घेण्याचा प्रसंग येत नाही. गरोदरपणात गोवर व कांजिण्यांसारख्या जिवंत जंतूंच्या लसी देत नाहीत; तेथे सूट नोंदवली जाते. कोविड-१९ ची लस ऑक्टोबर २०२१ पासून सक्तीची होती. २०२५ मध्ये ती अट उठवण्यात आली.

कागदपत्रे आणि माहिती देणे

पारपत्र, मुलाखतीचे पत्र, अर्ज भरल्याचे पुष्टिपत्र, छायाचित्रे, लसींच्या नोंदी, शस्त्रक्रियांचे अहवाल, जुने एक्स-रे आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर न्याव्या लागतात. दीर्घकालीन आजार असल्यास निदान व उपचार सांगणारे आपल्या डॉक्टरांचे पत्र उपयोगी पडते. प्रादेशिक भाषेतील नोंदींचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते.

क्षय, कुष्ठरोग वा मानसिक आजार यांच्याविषयी घरातच मौन पाळण्याची रीत असल्याने अर्जदार हा इतिहास दडवू पाहतात. काही वेळा मुलेच आईवडिलांना तसे सुचवतात. कायद्याच्या दृष्टीने हा सल्ला घातक आहे. क्षय बरा झाल्यावर व्हिसा मिळू शकतो, पण महत्त्वाच्या बाबतीत हेतुपुरस्सर खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास अर्जदार कायमचा अपात्र ठरू शकतो. एक्स-रेवरील व्रण तर लपतही नाही.

अहवाल आणि मुदत

अहवाल पूर्वी सीलबंद लिफाफ्यात मिळे आणि तो फोडल्यास बाद होई. आता बहुतेक ठिकाणी तो संगणकाद्वारे थेट दूतावासाकडे जातो. तपासणीची मुदत साधारणतः सहा महिने, तर क्षयाशी संबंधित काही निष्कर्षांत तीनच महिने असते. व्हिसाची मुदत सहसा तिच्याशी बांधलेली असल्याने फार आधी तपासणी करून घेणेही अंगाशी येते.

इतर देश

ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळासाठी जाणाऱ्या भारतीयांना मान्यताप्राप्त केंद्राकडून क्षयमुक्तीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या देशात १९७९ च्या जानेवारीत हीथ्रो विमानतळावर एका भारतीय महिलेची कौमार्यचाचणी झाल्याचे उघडकीस आल्यावर मोठा गदारोळ झाला आणि ती प्रथा बंद करावी लागली. कॅनडा व ऑस्ट्रेलिया संसर्गजन्य रोगांबरोबरच अर्जदाराच्या उपचारांचा सरकारी तिजोरीवर पडणारा भारही मोजतात. अपंग मूल असलेल्या कुटुंबांना या निकषाचा फटका बसत असल्याने दोन्ही देशांत त्यावर टीका झाली आहे. कॅनडाने २०१८ मध्ये हा निकष बराच शिथिल केला, परंतु तो रद्द केलेला नाही.